विटेआधीचा नमस्कार

वैमानिकाशिवाय लढणारं विमान आजही सगळ्या गोळ्या घेऊन परतलं, तेव्हा स्क्वाड्रन लीडर कारखानीसबाईंना फितुरीचा वास आला.

“शत्रूचं विमान दिसलं नाही?”

“दिसलं ना. पंख हलवून नमस्कार केला. त्यानंही केला.”

“हे कुणी शिकवलं?”

“तुम्हीच, मॅडम. पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात. सुरुवातीला वैमानिक एकमेकांना हातच करायचे.”

“आणि मग विटा फेकायला लागले. तेवढं बरं विसरलास.”

“विसरलो नाही. आम्हा दोघा विमानांना तेच जास्त पाठ आहे.”

बाईंनी पिशवी काखोटीला मारली. “आत्ता मी स्वतः बरोबर येते. आज गोळी सुटली नाही, तर उद्या तुला भंगारात घालते.”

विमानानं दार किलकिलं केलं. “या की. फक्त आधी पिशवी उघडून दाखवा.”