कॅप्टनची खरेदी

“गेलं हो! एक गेलं!” हातातला फोन उंच धरून बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मास्तरांनी दातांनी दोरा तोडला आणि चेहरा जमेल तितका मख्ख ठेवला. “काय गेलं? दूध उतू?”

“गाणं गेलं. विकत घेतलं. पुन्हा त्या कॅप्टननंच!”

मास्तर शिंपी आणि बाई शाळेत गाणं शिकवणाऱ्या. त्यामुळे घरी नवीन आलेला माणूस हमखास उलट समजायचा. बाई निवृत्त झाल्या तेव्हा भाचीनं त्यांना एका ऑनलाइन दुकानात स्वतःचं पान उघडून दिलं. तिथं त्या दर महिन्याला आपण चाल लावलेलं एक गाणं ठेवत. ज्याला हवं त्यानं पैसे भरायचे, डाउनलोड करायचं आणि वाटलं तर खाली दोन ओळी लिहायच्या.

“मावशी, सगळ्यांना फुकट पाठवू या ना,” भाची म्हणाली होती. “शेकडो लोक ऐकतील.”

“शेकडो लोक अंगठा पाठवतील. ऐकणार कोणी नाही,” बाईंनी तिथल्या तिथे निकाल लावला. “आणि घरच्यांनी विकत घ्यायचं नाही, आधीच सांगते. आपणच आपली पाठ काय थोपटायची? एक तरी परका माणूस खिशात हात घालेल, तोवर गाईन. ज्या महिन्यात कोणी घेणार नाही, त्या महिन्यात बंद.”

बाई बोलल्या की ते करायच्याच. पहिल्या महिन्याचे सव्वीस दिवस एकही परका फिरकला नाही आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. सत्ताविसाव्या दिवशी मास्तरांनी आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर गुपचूप खातं उघडलं. नाव टाकलं, कॅप्टन. खरं तर समुद्र त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता.

याला दोन वर्षं झाली. नवं गाणं मास्तर भिंतीपलीकडून निदान तीस वेळा ऐकत. तरी महिनाअखेरीला रीतसर पैसे भरून ते विकत घेत आणि कापड बेतताना पुन्हा लावत. विकत घेतलेलं गाणं जरा जास्तच गोड लागतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. पासवर्ड विसरू नये म्हणून तो मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिला होता, गिऱ्हाईक म्हणून. नाव कॅप्टन; छाती, कंबर, उंची, सगळं कोरं आणि खाली तेवढा पासवर्ड.

“ऐका काय लिहितोय,” बाई वाचू लागल्या. “‘पहिलं कडवं अगदी अंगाबरोबर बसलंय. दुसऱ्यात सूर जरा ढगळ झालाय. शेवटची ओळ मात्र अशी जोडली आहे की शिवण दिसत नाही.’ काय कान आहे या माणसाचा! जहाजावर राहून इतका रसिक. नाहीतर तुम्ही.”

“मला काय कळतंय त्यातलं,” मास्तर म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा सुईच बोटात घुसली.

बाईंनी सुई काढून घेतली. “उद्या डोळे दाखवायला चला.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. आठवड्याच्या अंतरानं दोन्ही काढले. डॉक्टरीण कडक होती. महिनाभर शिवण बंद, फोन बंद, कॉम्प्युटर बंद. थेंब दिवसातून चार वेळा. थेंब फार चुरचुरत, म्हणून मास्तर दुपारचे चुकवत आणि घातले म्हणून सांगत. दुकानात तयार कपडे पडून होते, ते बाईंनीच वही बघून ज्याचे त्याला दिले.

भिंतीपलीकडे नवं गाणं आकार घेत होतं. आजवरचं सगळ्यात चांगलं. ऐकता ऐकता मास्तर महिनाअखेरीचे दिवस मोजत. हे कोण घेणार? भाचीला सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

“अगं, फोन दे जरा. एकच मिनिट.”

“डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?”

“अर्धं मिनिट.”

“अहो, लहान आहात का? पडून राहा बघू.”

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. काळा चष्मा लावून मास्तर खुर्चीत बसून राहिले. आता ही येईल, शांतपणे म्हणेल की झालं, संपलं. मग हे घर किती गप्प होईल!

“गेलं हो! एक गेलं!”

मास्तर खुर्चीतून अर्धे उठलेच. “कोणी घेतलं?”

“घेतलं कोणीतरी. तुम्हाला काय करायचंय?” बाई गुणगुणतच आत गेल्या.

म्हणजे खराखुरा परका! मास्तरांचा आनंद गगनात मावेना. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. जेवल्यावर त्यांना त्या परक्याचा थोडा हेवाही वाटला. दोन वर्षं कॅप्टननं किल्ला लढवला आणि हा कोण उपटसुंभ आयत्या वेळी आला?

आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. नवा चष्मा लावून मास्तरांनी दुकान उघडलं आणि मशीनवरची धूळ झटकायच्या आधी कॉम्प्युटर लावला. उशिरा का होईना, कॅप्टन मागे राहता कामा नये. त्यांनी नवं गाणं शोधलं आणि ‘विकत घ्या’वर बोट दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली, ‘हे गाणं तुम्ही याआधीच विकत घेतलं आहे.’ पुढे तारीख होती, गेल्या महिन्याची शेवटची.

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. गाण्याखाली दोन नव्या ओळी होत्या.

‘माप अचूक, कुठे चुणी नाही. थेंब मात्र दिवसातून चार वेळा घालायचे असतात, तीन वेळा नाही. – कॅप्टन.’