दोर

लासुर्ण्यात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे दोघंच, आणि दुकानं समोरासमोर. रविवारी शमुवेल दुकान बंद ठेवून चर्चला गेला की सर्जेराव त्याच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "तो मोटारीत जुनी तार भरतो."

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात द्वारकाबाईंच्या विहिरीत मोटारीचा पाइप अडकला. काम एकट्याचं नव्हतं, म्हणून त्यांनी दोघांनाही बोलावलं.

सर्जेराव कमरेला दोर बांधून खाली उतरला. वर दोर धरायला शमुवेल. निम्म्यात पायाखालचा दगड निसटला आणि सर्जेराव अधांतरी लोंबकळला.

"शमुवेल, धरलायस न्हवं?"

त्यानं वर पाहिलं. शमुवेलचे डोळे मिटलेले होते, नुसते ओठ हलत होते. आपण गिऱ्हाइकांना काय काय सांगितलं, ते सगळं सर्जेरावला आठवलं. खालचं काळं पाणी बघून त्यानं दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

दोर हळूहळू वर आला. काठावर धापा टाकत सर्जेराव म्हणाला, "लई उपकार झालं गड्या. माझ्यासाठी प्रार्थना करत व्हतास न्हवं?"

शमुवेल आपले सोललेले तळहात बघत होता.

"न्हाय, माझ्यासाठी. दोर सोडून द्यावा, असं लई वाटत व्हतं."