शून्य डिग्रीची ऊब

मागच्या हिवाळ्यात जंगलालगतच्या टेकडीवर मुक्कामाला गेलेले ओम आणि शाम रात्रभर कुडकुडले होते. थंडीने सारखी जाग यायची, मग उठून शेकोटीत लाकूड सारायचं आणि पुन्हा पडायचं, उजाडेपर्यंत असंच चाललं. म्हणून यंदा यवतमाळच्या दुकानात अंजूने नवऱ्याचं काही ऐकून घेतलं नाही.

"आपल्या इकडच्या थंडीले दहा डिग्रीवाली स्लीपिंग बॅग लय झाली," ओम म्हणत होता.

"शून्यवालीच घ्या. अन शामलेही तीच. माह्या भावाले अजून कायले कुडकुडवता?"

सकाळी टेकडीवरून ओमचा फोन आला. कणीक मळता मळता अंजूने स्पीकर लावला.

"तुह्यं खरं निघालं व," तो झोपाळू आवाजात म्हणाला. "रातभर एकडावही जाग नाही आली. आत्ता कुठं बॅगमधून तोंड बाहेर काढून राह्यलो."

अंजूचा हात थांबला. "मंग शेकोटीत लाकडं कोनं टाकली?"

पलीकडून नुसता बॅगची चेन उघडल्याचा आवाज आला. मग पाचोळ्यावर त्याची पावलं वाजली.

 

"राखेत मोठाले पंजे उमटले हायेत," ओम हळूच म्हणाला, "अन शामची बॅग झुडपापर्यंत फरपटत नेली हाये."