कमानीवरची पुनम

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची पुनम पंधराव्या वर्षी बापाचा मार खाऊन ठरलेलं लग्न मोडून बसली आणि फुटबॉल खेळू लागली. पुण्याच्या देवदत्त सरांनी तिच्यावर काढलेला सिनेमा गाजला. मग त्यांनीच तांड्याला मैदान करून दिलं, पोरींना बूट दिले, दारात नळ आणवला. मैदानाच्या कमानीवर पुनमचा मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'लग्न नाही, खेळणार!'

आता पुनम पंचविशीची झाली होती. गुडघ्याच्या दुखण्यानं खेळ सुटला होता आणि वसमतचा रुद्र तिच्या मनात भरला होता. धीर करून तिनं बापाला सांगितलं. वाटलं, बाप हरखून जाईल.

तिच्या बापानं, गुलाबसिंगनं, मान खाली घातली.

"पोरगं चांगलं हाय," तो म्हणाला. "पण सर तुझ्यावर दुसरा सिनेमा काढून राहिले. त्यात बी तू बिनलग्नाचीच पायजे. त्याच्या बदल्यात तांड्यात दवाखाना बांधून देतो म्हणले. दवाखाना जवळ असता तर तुझी माय वाचली असती, पुनम."

"मंग मी काय करू, बापू?"

 

त्यानं डोक्यावरचा पटका काढून तिच्या पायांशी ठेवला. "बाई, हे बी लग्न मोड."