तीस किलो शिल्लक

"वजन सांगा," वैमानिक फोनवर म्हणाला. "तुमचं आणि पेशंटचं."

"माझं पंचावन्न. बाळचं हल्ली कुठे केलंय? अंगात काही उरलंच नाही हो. दुधाशिवाय पोटात काही ठरत नाही. रात्रीपासून बाळला धाप लागलीय."

फोनवर खरखर होती. बाईचा आवाज मध्येच तुटत होता.

"बाळाची आई सोबत आहे?"

"आई गेली. तिच्यामागे मीच वाढवलंय त्याला. मी ताई. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचायला हवं."

वैमानिकाने टॅबवर भरलं: ताई पंचावन्न, बाळ दहा.

विमानतळावर सगळे त्याला तागडी म्हणत. स्वतःचा जेवणाचा डबाही तो तोलून घेतो अशी थट्टा चाले, आणि ती खरी होती. विमान छोटं, धावपट्टी तोकडी, तिच्या टोकाला झाडं. ऊन चढलं की हवा विरळ होते आणि उचलण्याआधी विमानाला जास्त पळावं लागतं. अशा ठिकाणी आकडा चुकला की झाडं आडवी येतात.

"जवळच्या नको, लांबच्या शहरात जाऊ," तो मेकॅनिकला म्हणाला. "तिथे लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. टाकी पूर्ण भर."

"पूर्ण? भरलेलं उपसायचा पंप बंद आहे, आधीच सांगून ठेवतो."

"उपसायचंय कशाला? आणि मागचं स्ट्रेचर काढून टाक. बाळ ताईच्या मांडीवर येईल."

त्याने बेरीज केली, पुन्हा केली. ऑक्सिजनचा सिलिंडर काट्यावर चढवला, मग पाण्याची बाटली.

"अरे, हत्ती गेला. आता शेपटाला काय धरून बसलास?" मेकॅनिक म्हणाला.

"तान्ह्या जिवाचा प्रश्न आहे. एक किलो इकडचा तिकडे व्हायला नको."

मेकॅनिकने आत जाऊन आपल्या नातवाची मऊ दुलई आणली आणि घडी करून सीटवर ठेवली. वैमानिकाने तीही तोलली. सगळं धरून विमानाच्या मर्यादेत तीस किलो शिल्लक राहिले. तेव्हा कुठे त्याला जरा हायसं वाटलं.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा डांबर तापायला लागलं होतं. पुढून पांढऱ्या केसांची एक बाई घाईघाईने उतरली. वैमानिक दुलई उलगडून पुढे झाला.

मागचं दार उघडलं. चौघांनी दम खात स्ट्रेचर खाली उतरवलं. त्यावरच्या माणसाच्या मिशाही पांढऱ्या होत्या, आणि ती दुलई त्याच्या एका मांडीलाही पुरली नसती.

"हा आमचा बाळ," त्याच्या कपाळावरचा घाम टिपत ताई म्हणाली. "निम्मासुद्धा उरला नाही हो."