अकरा पानं

"आजी, संग्रहालयात खाणं आणत नाहीत." संग्रहालय सांभाळणाऱ्या सुप्पयाने आवाज चढवला नाही. "मुंग्या लागतील. जुन्या सारोंग लुंग्या कुरतडून टाकतील."

तंगम डबा घेऊन उभीच राहिली. आज भोगी. मलेशियातल्या मलाक्क्याच्या चेट्टी वस्तीत, मलायी-चिनी घरांशी सोयरिकी जुळलेल्या जुन्या तमिळ व्यापाऱ्यांच्या वस्तीत, घरोघरी पितरांना पान वाढलं होतं. तिचं घर मात्र रस्त्यात गेलं होतं. सासूचा फोटो आणि पितळी दिवा तिने स्वतःच या एका खोलीच्या संग्रहालयात आणून दिला होता.

"दिवा इथं, फोटो इथं. मग सासूबाई जेवायला कुठे येणार? माझ्या लेकाच्या बाराव्या मजल्यावर? जिवंतपणी माडीवर चढायला घाबरायच्या."

"नियम मीच लिहिलाय, आजी."

"मुंग्या काय, रोजच येतात रे. सासूबाई वर्षातून एकदा येतात."

 सुप्पयाने काचेचं कपाट उघडून दिवा बाहेर काढला.

तंगमने फोटोपुढे केळीचं पान मांडलं. कपाळाला विभूती, अंगात मलायी केबाया आणि चेहरा चिनी, अशी सासू बघत होती.

"एकच पान?" सुप्पयाने विचारलं.

तंगमने मान वर केली. भिंतीवर सासूचा धरून अकरा फोटो होते, सगळे पाडलेल्या घरांमधले. तिचा हात थांबला.

"शिव शिव! एवढ्यांच्या देखत एकीलाच वाढायला निघाले मी. त्यांच्या घशाखाली घास उतरला असता का?"

सुप्पया तोवर विळा घेऊन मागच्या केळीकडे गेला होता.

नारळाच्या दुधातला भात मूठमूठ झाला. कोळंबीची चटणी बोटभर आली. शेवटच्या पानाला मासळी उरली नाही, तेव्हा सुप्पयाने आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं ठेवलं. तंगमने दिवा लावून हात जोडले. पितर जेवताना तिथे थांबायचं नसतं. दार ओढून दोघं पायरीवर बसली.

एक प्रवासी जोडपं आलं. "बंद आहे का?"

"नाही. आत माणसं जेवताहेत. बसा थोडं," सुप्पया म्हणाला.

ती दोघंही बसली.

बऱ्याच वेळाने तंगमने खूण केली. सुप्पया उठला. त्याने किल्ली काढली, पुन्हा खिशात ठेवली. रोज सकाळी ज्या दारातून तो सरळ आत शिरायचा, त्यावर त्याने बोटांनी हलकेच तीनदा टकटक केली, आणि थांबला.