शेवटची गाठ
ट्राउट मासे पकडायला हिमाचलला जायचं स्वप्न माझं, पण रजा मिळाली परेशला. निघण्याआधी तो माझ्याकडे घाटकोपरला आला. "तुझ्या हातचा एक भुंगा दे ना यार." गळावर खोटे किडे बांधायला मीच त्याला शिकवलं होतं. मी जुन्या स्लिपरच्या फोमची पट्टी गळावर ठेवली, काळ्या दोऱ्याने कमरेत आवळली, रबराचे पाय लावले. पाण्यावर तरंगेल असा झकास भुंगा झाला. फक्त शेवटच्या गाठीवर मुद्दामच गोंद लावला नाही. मासा झटापट करेल तेव्हा दोरा उलगडेल. बसू दे बोंबलत. परेशने भुंगा दिव्याखाली फिरवून पाहिला. मग गोंदाची बाटली उचलून गाठीवर थेंब सोडला. "तूच शिकवलंस ना," एवढंच म्हणाला. जाताना त्याने स्वतः बांधलेला भुंगा माझ्या हातावर ठेवला. "पुढच्या वर्षी आपण दोघं." त्यावरचा गोंद केव्हाच सुकला होता.